मशीनपाशी माणूस हवा

जावई म्हणजे दशमग्रह, असं म्हणतात. बाकीचे नऊ ग्रह निदान अधूनमधून घर तरी बदलतात. हा एकदा मुलीच्या बापाच्या पत्रिकेत बसला की बसला. पण या गोष्टीतल्या जावयाला सासरे असे मिळाले होते, की त्यांनी त्याला कधी ग्रह मानलंच नाही. ते त्याला साहेब मानत. जावई औषधांच्या कंपनीत कॉम्प्युटर विभाग सांभाळायचा, गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरायचा. सासऱ्यांनी मात्र उभी हयात पाण्याच्या पंपघरात, मोटरीशेजारच्या लोखंडी खुर्चीवर काढलेली. यंत्राबद्दल शिकलेल्या माणसाने काही सांगितलं तर तो शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा त्यांचा पंपघरातला नेम. तोच नेम पुढे त्यांना नडला. कसा ते आता सांगतो, आणि सांगताना जावयाची बाजू सावरून घेण्याचा माझा अजिबात विचार नाही.

बोलतं वाचनालय एका जुन्या बँकेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. दोन खोल्या आणि मधला बोळ. एका खोलीत भिंतींना गाद्या ठोकून केलेली वाचनाची केबिन, दुसरीत बाईंचं टेबल, कपाटं आणि मशीन. स्वयंसेवकांनी केबिनमध्ये बसून पुस्तकं वाचायची, ती मशीनमध्ये साठवायची, आणि ज्यांना दिसत नाही अशा माणसांनी घरून ठरलेल्या नंबरवर फोन लावून ती ऐकायची. सकाळपासून निजायच्या वेळेपर्यंत लाइन चालू. फोन लावला की जे पुस्तक चालू असेल ते कानावर पडायचं. हे सगळं उभं केलं होतं बाईंनी. बाई गाण्याच्या निवृत्त शिक्षिका, स्वतः जन्मापासून अंध, आणि कान असे तिखट की जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं एवढंच नाही, तर ते काय लपवत आलं तेही त्यांना कळतं, असं स्वयंसेवक म्हणायचे.

बाईंचा एक नियम होता. पुस्तक मध्येच थांबलं, तर ज्याच्यामुळे थांबलं त्याने केबिनमधल्या माइकवर येऊन, स्वतःच्या तोंडाने, सगळ्या ऐकणाऱ्यांना कारण सांगायचं. त्या म्हणायच्या, दारावर पाटी लावून आमच्या लोकांना काय उपयोग? त्यामुळे कुणाला खोकला झाला, कुणी पुढचं प्रकरण वेळेत वाचलं नाही, कुणाकडून वायर निसटली, की तो बिचारा माइकसमोर उभा राहून कबुली द्यायचा. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की काही जण पुस्तकापेक्षा कबुल्याच आवडीने ऐकत.

मशीन आलं ते असं. एका कंपनीने गाशा गुंडाळला आणि आपला सर्व्हर वाचनालयाला देऊन टाकला. लांबलचक, चपटा, उचलायला दोन माणसं लागतील असा. चालू केला की पंखे असे घोंघावायचे, की खिडकीतली कबुतरं उडायची. तो बसवायला अर्थात जावयाला बोलावलं. त्या दिवशी सगळे जमले होते. बाई, स्वयंसेवक, जावयाची बायको, आणि इस्त्रीचा सदरा घालून आलेले सासरे. जावयाने सर्व्हरची म्हणून जी ऑपरेटिंग सिस्टीम असते ती टाकली, आणि पडद्यावर आला काळा अंधार. त्यात एका कोपऱ्यात एक छोटी रेघ लुकलुकत होती. ना चित्र, ना बटण. जावयाने काहीतरी दाबलं. रेघ लुकलुकत राहिली.

खरी गोष्ट अशी, की कंपनीतले सर्व्हर बाहेरची माणसं येऊन बसवायची. जावयाच्या वाट्याला टेबलावरचे कॉम्प्युटर, विसरलेले पासवर्ड आणि अडकलेले कागद. हे त्याने कधी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता पाठीमागे एवढी माणसं श्वास रोखून उभी, आणि त्याच्या मानेवर घाम. काही अडलंय का, असं बाईंनी विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "अडलं नाही काही. ही सिस्टीम तुम्हा लोकांना जड जाईल. मी आपली घरच्या कॉम्प्युटरवर असते ती साधी डेस्कटॉपची सिस्टीम टाकतो. वापरायला सोपी."

अज्ञान आपलं आणि खापर दुसऱ्याच्या डोक्यावर. पण हे कुणाच्या लक्षात येणार? थोड्या वेळाने पडद्यावर निळं आभाळ आणि हिरवी टेकडी उगवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सासरे शेजारच्या माणसाला म्हणाले की आमच्या जावयाला नेहमी दुसऱ्याच्या सोयीचा विचार आधी सुचतो.

मग मशीन झोपायला लागलं. पुस्तक रंगात आलेलं असायचं, आणि अचानक पंखे बसायचे, पडदा काळा व्हायचा, ऐकणाऱ्यांच्या कानात नुसतं घूं घूं. माउस हलवला की मशीन पुन्हा जागं. ‘कधीच झोपू नकोस’ अशी जी खूण सेटिंगमध्ये करायची असते ती जावयाने पहिल्याच दिवशी केली होती, तरी ते झोपायचं. एक अख्खी संध्याकाळ त्याने शोधाशोध केली आणि हात टेकले. दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना सांगितलं, की सर्व्हर म्हटल्यावर हे चालायचंच. मोठं मशीन आहे, देखरेख लागते. मशीनपाशी माणूस हवा.

हे वाक्य सासऱ्यांना पंपघरातल्या आदेशासारखं ओळखीचं वाटलं. दिवसा स्वयंसेवकांपैकी कुणीतरी येता-जाता माउस हलवायचं, पण संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी कोण बसणार? मी बसतो, सासरे म्हणाले. बायको गेल्यापासून मला तरी घरात कोण आहे बोलायला?

तेव्हापासून ते बसले. खुर्चीवर घरून आणलेली उशी, माउसखाली धुतलेला रुमाल. मशीन झोपायच्या बेतात आलं की पंख्यांचा सूर किंचित उतरतो, हे त्यांच्या कानांनी आठवडाभरात हेरलं. सूर उतरला की ते माउस आधी उजवीकडे न्यायचे, मग डावीकडे, आणि शेवटी बोटाने एक हलकी टिचकी. स्वयंसेवकांनी त्यांचं नाव जागेबाबा ठेवलं. नावात थट्टा होती, पण त्यांना ते पदवीसारखं वाटलं. कधी वयोमानाने त्यांचा डोळा लागायचा, मशीनही त्यांच्यासोबत झोपायचं, आणि मग जागेबाबा धडपडत ते जागं करून माइकवर जायचे. "नमस्कार. मी मशीनपाशी बसणारा. माझा डोळा लागला म्हणून पुस्तक थांबलं. चूक माझी आहे. माफ करा."

जावयाने हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्याला कसंनुसं झालं, आणि तो बायकोला घ्यायला आला होता तो तिला घेऊन निघून गेला.

जागेबाबांना एक थोरली बहीण होती, आक्का. आई लहानपणीच गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, आणि त्यांचं ठोंब्या हे नाव तिनेच ठेवलेलं. एक दिवस आणि एक रात्र प्रवास केल्यावर येईल अशा लांबच्या गावात ती मुलाकडे राहायची. बाबांनी मशीनपाशी बसायला सुरुवात केली तेव्हा तिला दिसत होतं, पण नजर उतरत चालली होती. ती फोनवर म्हणायची, ठोंब्या, एकदा येऊन तोंड दाखवून जा रे, पुढे दिसेल न दिसेल. बाबांचं उत्तर ठरलेलं. "मशीनपाशी माणूस हवा, आक्का. लोक ताटकळतात." पुढच्या वर्षी येतो, म्हणायचे. पुढच्या वर्षी तिचे डोळे गेले.

मग बाबांनी तिला वाचनालयाचा नंबर लावून दिला. कानही जरा मंद झाले होते, म्हणून ती फोनचा आवाज एवढा मोठा ठेवायची की खोलीभर पुस्तक ऐकू यावं. संध्याकाळ झाली की फोन कानाशी. शेजारणींना सांगायची, पुस्तक चालू आहे ना, म्हणजे आमचा ठोंब्या जागेवर आहे. भाऊ बोलत नसला तरी भेटतो, असं तिने मनाशी मांडून घेतलं होतं.

असं बरंच चाललं. आणि मग कंपनीने जावयाला एका प्रशिक्षणाला पाठवलं.

शिकवणारा माणूस विनोदी होता. जेवणानंतर वर्ग पेंगायला लागला तशी त्याने एक गंमत सांगितली. म्हणाला, काही महाभाग सर्व्हरवर घरची डेस्कटॉप सिस्टीम टाकतात. म्हणजे रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला दुलई द्यायची. घरच्या सिस्टीमला वाटतं, कुणाचा हात लागत नाही म्हणजे घरातली माणसं झोपली. मग तीही झोपते. मग हे लोक ‘झोपू नकोस’ची खूण करतात आणि खूश होतात. पण बराच वेळ कुणाचा हात लागला नाही तर तरीही झोपायचं, अशी एक दुसरी सेटिंग आत खोल लपवून ठेवलेली असते. ती यांना माहीत नसते. "मग काय करतात, माहितीये? माउस हलवायला माणूस ठेवतात."

वर्ग खो खो हसला. जावई सगळ्यांत मोठ्याने हसला, कारण न हसणारा माणूस उठून दिसला असता. मग शिकवणाऱ्याने ती दुसरी सेटिंग पडद्यावर दाखवली. एक ओळ, तिच्यापुढे एक आकडा, तो शून्य करायचा. चहाचा कप निवायच्या आत होणारं काम. जावयाने ते वहीत उतरवून घेतलं नाही. उतरवायची गरजच नव्हती, ते त्याच्या काळजावर उमटलं होतं. घरी परतताना सगळ्या वाटेत त्याला मशीन दिसलं नाही, रुमाल दिसला. धुतलेला, चौघडी केलेला, माउसखालचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबा यायच्या आधी, तो वाचनालयात गेला आणि आकडा शून्य करून आला. मशीनचं दुखणं संपलं. आता फक्त सांगायचं उरलं होतं, आणि नेमकं तेच राहिलं. संध्याकाळी बाबा आले, उशी थोपटली, बसले, आणि ज्या मशीनला आता त्यांची काडीची गरज नव्हती त्याचा माउस आधी उजवीकडे, मग डावीकडे हलवू लागले. जावई दारात उभा राहून बघत होता. त्याला वाटलं, आत्ता सांगावं. मग मनाशीच उद्या सांगू, म्हणाला. उद्याचा परवा झाला. सांगायचं तरी काय? की तुम्ही इतकी वर्षं जे केलंत ते मी एका ओळीत पुसून टाकलं, आणि ती ओळ मला तेव्हा सापडली नाही, कारण माहीत नसलेलं विचारायची मला लाज वाटली? लाज वाटू नये म्हणून केलेल्या गोष्टीची आता अशी लाज वाटत होती, की बाबांनी चहा पुढे केला तर तो कप तसाच ठेवून उठायचा.

त्यातच आक्काच्या मुलाचा, म्हणजे बाबांच्या भाच्याचा फोन आला. आक्काने अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी आशा सोडली नव्हती, पण दिलीही नव्हती. मामाला एकदा पाठवा, भाचा म्हणाला, ती सारखी त्याचं नाव घेते. बाबांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी नेहमीसारखे उशी घेऊन वाचनालयात गेले. जावयाची बायको चिडली, रडली, वडिलांशी भांडली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुझं ऐकतात ते. तूच सांग त्यांना काहीतरी."

जावयाने आधी आडमार्ग काढून पाहिला. बाबा, तुम्ही जा, तुमच्या जागी मी बसतो, असं तो म्हणाला. बाबांनी कानाला हात लावला. दिवसभर ऑफिसात राबून आलेल्या जावयाला मी माउस हलवायला बसवू? लोक काय म्हणतील? आणि आक्का तरी काय म्हणेल? ते काही केल्या ऐकेनात. तेव्हा जावयाने दुसरं खोटं काढलं. पहिल्याला पांघरूण घालायला दुसरं लागतंच.

"बाबा, मी एक नवा पार्ट मागवलाय," तो म्हणाला. "तो बसवला की माणूस लागणार नाही."

बाबांचा चेहरा उजळला. कुठे बसवणार, कसा असतो, त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी जावयाने मशीनच्या मागच्या बाजूला पहिल्या दिवसापासून लुकलुकणारा एक हिरवा दिवा दाखवला. बाबा वाकून बघत म्हणाले, हा दिवा आधी नव्हता का? होता, जावई म्हणाला, पण आतलं बदललंय. बाबांनी रुमालाने त्या दिव्यावरची धूळ पुसली. मग ते खुर्चीत बसले आणि हात मांडीवर ठेवून, माउसला न शिवता, नुसते बघत राहिले. मशीन चालू राहिलं. पंख्यांचा सूर उतरला नाही. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जावयाने खिडकीबाहेर पाहिलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी पुरे होतं. पण बाबा हरखले होते. निघायच्या दिवशी दुपारी, आक्काची फोन लावायची वेळ व्हायच्या आधीच, त्यांनी बाईंची परवानगी काढली आणि नियमाप्रमाणे माइकवर गेले, या खेपेला कबुलीसाठी नाही, कौतुकासाठी. सगळ्या ऐकणाऱ्यांना त्यांनी सांगितलं, की माझ्या जावयाने असा एक पार्ट शोधून काढलाय की आता पुस्तक कधी थांबणार नाही. आजवर माझ्या झोपेमुळे तुम्हाला त्रास झाला तो पोटात घाला. मी आता बहिणीला भेटायला चाललोय. केबिनच्या काचेमागे जावई उभा होता. स्वयंसेवकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र मान जरा तिरकी केली, कुठलासा सूर बेसूर लागल्यावर करतात तशी.

बाबा गेले. घरात जरा हलकं वाटायला लागलं. जावयाने मनाची समजूत घातली, की शेवट गोड झाला म्हणजे झालं; बहीणभाऊ भेटतील, पार्टची गोष्ट पार्टबरोबर जुनी होईल, सासऱ्यांना कधी कळायचं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीने कुणाचं काय बिघडतं?

त्याच समजुतीत तो असताना बाबांचा फोन आला. संध्याकाळची वेळ होती, वाचनालयाची लाइन चालू होती. बायकोने फोन मोठ्या आवाजावर टाकला. बाबा पोचले होते, आक्का जिवंत होती, बोलत होती. पण बाबांचा आवाज काही धड नव्हता.

"ती ओळखत नाही गं मला," ते मुलीला म्हणाले. "हात हातात घेतला, नाव सांगितलं, तर म्हणते, तुम्ही कुणीतरी माझी समजूत घालायला आलात. म्हणते, ठोंब्या इथे असता तर पुस्तक थांबलं असतं. हे काय चालू आहे ना. म्हणजे तो तिथेच बसलाय. येणार नाही तो. मशीनपाशी माणूस हवा."

मागून पुस्तकाचा आवाज येत होता. स्वच्छ, न थांबता, आक्काच्या खोलीभर. फोन काढून घेऊन पाहिला, बाबा म्हणाले, तर ती लहान मुलासारखी कळवळते, म्हणते भावाला माझ्यापासून तोडू नका. मग परत देतो.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो उभा राहिला होता. चपला पायात सरकवून तो जिना उतरला, आणि वाचनालयाचा जिना चढेपर्यंत कुठे थांबला नाही.

बाई टेबलाशी होत्या. कोण ते त्यांनी विचारलं नाही. जावयाने सांगितलं, की मशीन थोडा वेळ बंद करायचं आहे. का, ते विचारल्यावर त्याने आक्काचं सांगितलं. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, बंद करा. पण मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "नियम माहिती आहे ना? पुस्तक कुणामुळे थांबतंय?"

आक्कामुळे, असं म्हणता आलं असतं. आजारी बाईच्या समाधानासाठी, एवढं पुरलं असतं, आणि ऐकणारे हळहळले असते. जावयाच्या तोंडापर्यंत ते आलंही होतं. पण त्याची नजर खुर्चीवर गेली. उशी बाबांच्या बसण्याने मधे दबलेली, तशीच होती. प्रवासाला निघताना त्यांनी माउसखालचा रुमाल बदलून नवा धुतलेला ठेवला होता. गरज संपली असं सांगितलेलं असूनसुद्धा.

"माझ्यामुळे," जावई म्हणाला.

मग तो केबिनमध्ये गेला. आतल्या गाद्यांमुळे बाहेरचा एकही आवाज येत नव्हता, आणि स्वतःचा श्वास मात्र नको इतका ऐकू येत होता. त्याने माइकचं बटण दाबलं. त्याला ठाऊक होतं, की हे लांबच्या त्या खोलीत जाणार आहे, मोठ्या आवाजात, आणि तिथे पलंगाच्या कडेला बाबा बसले आहेत.

"नमस्कार," तो म्हणाला. "मशीन मी बसवलं. सर्व्हरची सिस्टीम मला टाकता येत नव्हती, ते सांगायची लाज वाटली, म्हणून मी घरची टाकली, आणि तुम्हा लोकांना सोपं जावं म्हणून टाकली असं खोटं सांगितलं. ती झोपायची ती माझ्या चुकीने. मशीनपाशी माणूस लागतो हेही खोटं. कधीच लागत नव्हता. एक आकडा बदलायचा होता, तो मला माहीत नव्हता. कळला तेव्हाही मी गप्प बसलो. नवा पार्ट वगैरे काही नाही. बाबांनी तुमची इतक्या वेळा माफी मागितली, त्यातली एकही चूक त्यांची नव्हती. आणि आक्का, तुमचा भाऊ इथे नाही. खुर्ची रिकामी आहे. तो तुमच्याजवळ आहे. आता मी पुस्तक थांबवतो."

बाहेर येऊन त्याने मशीन बंद केलं. पंखे मंदावत मंदावत थांबले. खोली इतकी शांत झाली, की खिडकीतल्या कबुतरांची नखं लोखंडावर वाजलेली ऐकू आली. बाईंनी धीर दिला नाही, बोलही लावला नाही. जावई उभाच होता. थोड्या वेळाने त्याच्या खिशातला फोन वाजला.

"जावईबापू," बाबा म्हणाले.

"बोला, बाबा."

"ओळखलं हो तिने. फोन कानाशी धरून बसली होती, तो मुका झाल्यावर बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, उठला वाटतं एकदाचा. आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, केवढा वाळलास रे ठोंब्या."

मग बाबा म्हणाले, "तुम्ही बोललात ते ऐकलं आम्ही. भाच्यानेही ऐकलं." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "म्हणजे मी तिथे नसतो, तरी चाललं असतं?"

"मी तो आकडा बदलला असता तर चाललं असतं, बाबा."

"पहिल्या वर्षीसुद्धा?"

"हो."

"तेव्हा तिला दिसत होतं," बाबा म्हणाले.

ते एवढंच म्हणाले, मीटरवरचा आकडा वाचून दाखवावा तसं. जावयाने कपाळ कपाटाच्या थंड पत्र्याला टेकवलं. माफ करा हे शब्द त्याच्याजवळ होते, पण या माणसाने ते त्याच्या वतीने इतक्या वेळा वापरले होते, की आता ते उचलायचा त्याला हक्क वाटेना. तेवढ्यात फोनमध्ये मागून आक्काचा आवाज आला. बारीक, पण हट्टी. काहीतरी विचारत होती.

"पुढचं प्रकरण ऐकायचं म्हणतेय," बाबा म्हणाले. "चालू करा मशीन. आता हरकत नाही, मी आलोय ते तिला कळलंय. आणि बाकीचे लोकही खोळंबले असतील."

फोन बंद झाला. जावयाने मशीन चालू केलं. पंखे घोंघावत उठले, पडद्यावर निळं आभाळ आणि हिरवी टेकडी आली, आणि त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट. बाईंनी त्याला बसायला सांगितलं. त्या खुर्चीवर, त्या उशीवर बसायचं त्याला धाडस झालं नाही. त्याने उभ्यानेच पासवर्ड टाकला.